फडातले बाकीचे

अ‍ॅलिस कूपरचा नवा अल्बम येणार, ही बातमी २०२५ च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा हा अमेरिकन शॉक रॉक गायक सत्त्याहत्तर वर्षांचा होता. अल्बमचे नाव ‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’. त्याच्या जुन्या चाहत्यांना मात्र नावापेक्षा वादकांची यादी महत्त्वाची वाटली. मायकेल ब्रूसची गिटार, डेनिस डनअवेचा बेस, नील स्मिथचे ड्रम. १९७३ च्या ‘मसल ऑफ लव्ह’नंतर या मंडळींनी मिळून पूर्ण अल्बम केलाच नव्हता. मधे पन्नासहून अधिक वर्षे गेली होती.

अल्बम कानावर पडण्याआधीच त्याच्यावरून भांडण सुरू होणे हा अशा गायकांच्या चाहत्यांचा जुना रिवाज आहे. ज्यांची तरुणाई १९७० च्या दशकात गेली त्यांच्या लेखी खरा अ‍ॅलिस कूपर म्हणजे ही पाच जणांची टोळी, आणि पुढचे सगळे एका माणसाने ते नाव लावून चालवलेले दुकान. जे १९८९ च्या ‘ट्रॅश’मधले ‘पॉयझन’ ऐकत मोठे झाले त्यांना हे ऐकून राग येणार, यात नवल नाही. त्यांचा अ‍ॅलिस कूपर खोटा कसा? आणि ऐंशीला टेकलेल्या माणसांकडे पंचविशीतला जोर मागायचा का, असे विचारणारे तिसरेही असतातच. जुने चांगले की नवे, बदलला तो सुधारला की बिघडला, पूर्वी जे केले त्याचे आता काय करायचे, या तीन प्रश्नांभोवती हा वाद फिरत राहतो.

राहुरीच्या माणसाला हा वाद परका वाटू नये. नगर-मनमाड रस्त्यावरच्या या उसाच्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरतात. संध्याकाळी छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तमाशाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. हजेरीला पारावर बसलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. वग आता राहिला नाही, गण-गौळण उरकून फड सरळ सिनेमाच्या गाण्यांवर येतो, ही म्हाताऱ्यांची तक्रार. रात्रभर वग बघायला वेळ कुणाला आहे, हा पोरांचा जबाब. अमक्या फडाचा सोंगाड्या पूर्वी कसा होता आणि आता कसा झाला, यावर शेजारी शेजारी बसलेले दोन भाऊ एकमेकांशी अबोला धरतात. कलगी-तुऱ्याच्या काळात तर प्रेक्षकांचे तटच पडलेले असत. शक्ती थोर मानणारे कलगीवाले, शिव थोर मानणारे तुरेवाले; एकाने कवनातून कूट घालायचे, दुसऱ्याने कवनातूनच ते सोडवायचे, आणि हरल्या-जिंकल्याची चर्चा पुढच्या जत्रेपर्यंत पुरायची. कलावंतावर वाद घालणे हा या भागात करमणुकीचा अर्धा हिस्सा होता. आजही आहे.

शॉक रॉक हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. प्रेक्षक हादरला पाहिजे, या हिशेबाने गाणे, सोंग आणि रंगमंच एकत्र बांधायचे, ही त्याची रीत. १९५० च्या दशकात स्क्रीमिन जे हॉकिन्स हा अमेरिकन गायक रंगमंचावर शवपेटीतून बाहेर यायचा. १९६८ मध्ये इंग्लंडचा आर्थर ब्राउन डोक्यावर पेटता टोप घालून गायचा. अ‍ॅलिस कूपरने या सगळ्याचे पूर्ण नाटक केले. गळ्यात अजगर, डोळ्यांभोवती ओघळलेले काजळ, खेळाच्या शेवटी फाशी किंवा गिलोटिन. ते गिलोटिन जेम्स रँडी या जादूगाराने तयार केले होते आणि १९७३-७४ च्या दौऱ्यात जल्लादाचे कामही तोच करायचा. चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याचे आव्हान पुढे ज्याने दिले तोच हा रँडी. महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना तो चांगला माहीत आहे.

या गायकाची बदनामी कशी झाली, हेही ऐकण्यासारखे आहे. १३ सप्टेंबर १९६९ रोजी टोरांटोच्या एका मोठ्या संगीत जलशात कुणीतरी रंगमंचावर जिवंत कोंबडी टाकली. शहरात वाढलेल्या या पोराला वाटले, पंख आहेत म्हणजे उडेल. त्याने ती प्रेक्षकांकडे भिरकावली आणि प्रेक्षकांनी तिचे तुकडे केले. वर्तमानपत्रांत छापून आले की गायकाने कोंबडीचे मुंडके चावून रक्त प्यायले. त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या फ्रँक झप्पाने फोनवर विचारले, हे खरे आहे का? नाही म्हटल्यावर झप्पाचा सल्ला असा होता की मग ते कुणालाही सांगू नकोस. लोकांना हादरायचे असते आणि हादरवणाऱ्याच्या नावावर ते वाटेल ते जमा करतात. झप्पाला हे पक्के ठाऊक होते.

१९७२ मध्ये ‘स्कूल्स आउट’ आले. शाळा कायमची सुटल्याचा जल्लोष करणारे ते गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. नीतिरक्षणाची मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी बीबीसीकडे त्याविरुद्ध तक्रार केली. त्यातून गाण्याची जाहिरातच झाली. त्याबद्दल आपण बाईंना फुले पाठवली, असे अ‍ॅलिस कूपर आजही सांगतो.

आता एक पायरी मागे, आणि घराजवळ.

राहुरी तालुक्याला लागून पश्चिमेला संगमनेर तालुका आहे. तिथे १७४४ साली अनंत घोलप जन्मला. मलिक फंदी नावाच्या मुसलमान साथीदाराच्या मैत्रीतून त्याला अनंत फंदी हे नाव पडले, असे सांगतात. जातीने ब्राह्मण, हातात डफ, तोंडात लावणी. रतन फंदी हाही त्याच फडातला. गावोगाव या फडाचे खेळ होत आणि शृंगाराच्या लावण्यांनी लोक खुळावत. त्या काळच्या शिष्ट समाजाला ब्राह्मणाने तमाशाच्या बोर्डावर उभे राहणे हाच मोठा धक्का होता. गाण्यातल्या शृंगाराची पाळी त्यानंतर.

पुढची गोष्ट जिल्ह्यात अनेकांना पाठ आहे. फंदी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या दरबारी गेला. तमाशाचा धंदा तुम्हाला शोभत नाही, असे बाईंनी त्याला सुनावले. फंदीने तिथेच डफ फोडला आणि तो कीर्तनकार झाला. पुढे त्याने उपदेशाचे फटके रचले. त्यातला एक शाळेच्या पुस्तकांतून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या तोंडी बसला. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांचा जन्म १७२५ चा. २०२४ पासून जिल्ह्याने त्यांचेच नाव धारण केले आहे. शाहीर इथला, त्याला वळवणारी राज्यकर्ती इथली, आणि ही गोष्ट घडली दूर नर्मदेच्या काठी.

ही गोष्ट ज्या साच्यात सांगितली जाते तो साचाही इथलाच आहे, आणि तो राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचा आहे. महिपतिबुवा ताहाराबादकर (१७१५ ते १७९०) यांनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केला. नामदेव, एकनाथ, तुकाराम या संतांची जी चरित्रे मराठी माणसाला घरबसल्या माहीत आहेत, ती बऱ्याच अंशी महिपतींनी सांगितली तशी. माणूस संसारात, व्यवहारात, कधी पापात बुडालेला असतो. एक क्षण येतो. तो सगळे टाकतो. त्यानंतरचे आयुष्य उजळते. महिपतींच्या स्वतःच्या चरित्रातही असाच क्षण आहे. ते गावचे कुलकर्णी होते. पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि हट्टाला पेटला. त्या दिवशी त्यांनी कचेरीचे काम उरकले आणि यापुढे लेखणी सरकारी हिशेबासाठी उचलायची नाही, अशी शपथ घेतली, असे सांगतात. ताहाराबादच्या ओवीने मराठी मनाला वळणाच्या क्षणाची गोडी लावली. डफ फोडण्याची गोष्ट आपल्याला इतकी आवडते याचे एक कारण ते आहे.

पण कुलकर्ण्याची वही आणि शाहिराचा डफ यांत मोठा फरक आहे. कचेरीतली वही मिटली तर दुसरा कुणी ती उघडतो. डफ एकट्याचा नसतो. फडात झील धरणारे असतात, तुणतुणे छेडणारा असतो, ढोलकीवाला असतो, सोंगाड्या असतो. शाहिराने कडवे म्हटले की त्याचा शेवटचा सूर हे लोक उचलून धरतात तेव्हा कुठे ती लावणी उभी राहते. महेश्वरला डफ फुटला तेव्हा फंदीचा उद्धार झाला, असे चरित्रकार म्हणतात. मलिक फंदीचे आणि रतन फंदीचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. शाहिराच्या चरित्रात ते एका ओळीपुरते येतात आणि जातात. त्याच्या लावण्यांची दखल घेताना शिष्ट मंडळींचा सूर ‘पुढे तो सुधारला’ असा असतो. शं. तु. शाळिग्रामांसारख्या संग्राहकांनी शाहिरांची कवने गोळा करून छापली म्हणून तरी ती कागदावर उरली. शाळेने फक्त फटका घेतला. सवाई माधवरावाच्या मृत्यूवरचे ‘माधवनिधन’ अभ्यासकांनी घेतले. डफावरचे जे होते ते मागे पडले.

अ‍ॅलिस कूपरचे चरित्रही या गोष्टीशी विलक्षण जुळते. त्याचे वडील धर्मोपदेशक, आजोबाही त्याच संप्रदायात वरच्या पदावर. मुळात अ‍ॅलिस कूपर हे नाव बॅण्डचे होते. फिनिक्स शहरातल्या शाळासोबत्यांनी तो जमवला; व्हिन्सेंट फर्निये हा त्यातला गायक. ‘लव्ह इट टू डेथ’, ‘किलर’, ‘स्कूल्स आउट’, ‘बिलियन डॉलर बेबीज’ हे अल्बम १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत आले. शेवटचा अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. मग टोळी फुटली. फर्नियेने कायद्याने अ‍ॅलिस कूपर हे नाव स्वतःला लावून घेतले आणि १९७५ मध्ये दुसरे वादक घेऊन ‘वेलकम टू माय नाइटमेअर’ काढला. तो गाजला. मागे राहिलेल्यांपैकी ब्रूस, डनअवे आणि स्मिथ यांनी १९७७ मध्ये ‘बिलियन डॉलर बेबीज’ या नावाचा बॅण्ड करून स्वतंत्र अल्बम काढून पाहिला. तो चालला नाही.

गायक इकडे दारूत बुडत होता. १९७७ मध्ये तो उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाला आणि त्या अनुभवावर त्याने ‘फ्रॉम द इनसाइड’ हा अल्बम केला. पुन्हा घसरला. १९८० च्या दशकात मात्र दारू कायमची सुटली आणि तो वडिलांच्या धर्माकडे परतला. १९९४ चा ‘द लास्ट टेम्प्टेशन’ तर सरळ मोह आणि मुक्तीची कथा आहे. फंदीने ऐकला असता तर त्याला तो आपल्या फटक्यांच्या जातीचा वाटला असता. फिनिक्समध्ये त्याने गरजू मुलांसाठी संस्था काढली. तिथे पोरांना गिटार आणि ड्रम शिकवतात.

इथे एक मोठा फरक आहे आणि चाहत्यांच्या वादात तोच सगळ्यात बोलका आहे. अ‍ॅलिस कूपरने डफ फोडला नाही. रविवारी चर्चमध्ये जाणारा हा माणूस रात्री रंगमंचावर आपले मुंडके उडवून घेतच राहिला. काजळ लावलेला खलनायक हे सोंग आहे, आपण तो नव्हे, असे तो वर्षानुवर्षे सांगत आला आहे. श्रद्धाळू चाहत्यांनी विचारले, हे बंद का करत नाहीस? जुन्या चाहत्यांनी विचारले, भक्त झालास तर आता हे खोटेच ना? त्याने दोघांनाही खेळ करून दाखवला. खलनायकाला खेळाच्या शेवटी शिक्षा होतेच, एवढी नीती त्याच्या नाटकात पहिल्यापासून होती. आपल्या वगात राजाचा न्याय होईपर्यंत प्रेक्षक उठत नाही, तसेच हे. जुने काम पुसून टाकल्याशिवाय माणसाला बदलता येते, हे त्याने दाखवले आणि ते मोलाचे आहे.

सगळ्यांना मात्र बदलण्याची सोय सारखी नसते. फंदीला डफ सोडून कीर्तनाच्या गादीवर बसता आले, कारण ती गादी त्याच्या जातीला उघडी होती. सोलापूरचा राम जोशी (१७६२ ते १८१२) तमाशातून कीर्तनात गेला तोही याच वाटेने. ज्यांचा जन्मच डफ-ढोलकीच्या घरात झाला, महार-मांग-कोल्हाटी समाजातले ते कलावंत कुठे जाणार होते? त्यांच्यासाठी कोणत्या दरबारात दुसरी वाट तयार होती?

उलट दिशेने गेलेल्या माणसाची गोष्टही याच जिल्ह्याशी बांधलेली आहे. सातारा भागातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात सोडून तमाशात आले, ते पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडाचे नाव ज्या पवळाने गाजवले ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांचा संसार आणि बोर्डावरचा जोडीचा खेळ, यापेक्षा मोठा धक्का त्या काळच्या महाराष्ट्राला क्वचितच कुणी दिला असेल. पवळाच्या खेळाचे उत्पन्न बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला देऊ केले, तेव्हा आपल्याच समाजातल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, असा प्रसंग सांगितला जातो. धक्का देणारा पुरुष बंडखोर ठरतो. त्याच बोर्डावरची बाई लोकांच्या नजरेत बाजारात उभी असते. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते इथे.

कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावात जन्मलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. २०२२ मध्ये त्यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे तमाशातल्या दलित स्त्रियांवरचे इंग्रजी पुस्तक आले आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अश्लील कशाला म्हणायचे, हे ठरवणारे कोण आणि ते कुणाला चिकटवले जाते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. तमाशाविषयी वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावे. मराठीत त्याची चर्चा जितकी व्हावी तितकी अजून झालेली नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट अनेकांनी ऐकली आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्या. कळा सुरू झाल्या, राहुटीत बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा खेळाला निघाल्या. प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना परत पाठवले. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात पैसा नव्हता. शासन आज त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. तो मिळालेल्या कांताबाई सातारकरांचा फड संगमनेरचा. करोनाच्या साथीत जत्रा बंद पडल्या आणि राहुट्या उभ्याच राहिल्या नाहीत, त्याच काळात, मे २०२१ मध्ये, कांताबाई गेल्या. त्यांनी डफ सोडला नाही आणि सोडा म्हणून सांगण्याइतकी काळजीही कुणी केली नाही.

चाहत्यांचा वाद कधी कधी याहून अवघड जागी जातो. मर्लिन मॅन्सन हा शॉक रॉकमधला अ‍ॅलिस कूपरचा वारसदार. १९९६ चा ‘अँटिख्राइस्ट सुपरस्टार’, १९९८ चा ‘मेकॅनिकल अ‍ॅनिमल्स’ आणि २००० चा ‘होली वूड’ या तीन अल्बमांवर त्याचे चाहते आजही एकमेकांशी भांडतात, आणि नवा अल्बम आला की तो या तिघांच्या शेजारी ठेवून मोजतात. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला तेव्हा दोष मॅन्सनच्या गाण्यांवर टाकला गेला. ते दोघे त्याचे चाहते होते ही बातमीच खोटी होती. तिथे चाहते गायकाच्या बाजूने उभे राहिले, ते योग्यच होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अभिनेत्री इव्हान रेचेल वुडने त्याचे नाव घेऊन अत्याचाराचा आरोप केला, पाठोपाठ इतर स्त्रियाही बोलल्या, आणि तेव्हा प्रश्न बदलला. त्याने आरोप नाकारले. रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी मुदत उलटल्याचे आणि पुरावा अपुरा असल्याचे सांगून खटला दाखल न करण्याचा निर्णय दिला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा नवा अल्बम आलेलाही होता. तो ऐकायचा की नाही, यावर त्याच्या चाहत्यांचे आजही एकमत नाही. इथे ‘कलावंताचे सोंग वेगळे, माणूस वेगळा’ हा अ‍ॅलिस कूपरसाठी चालणारा युक्तिवाद चालत नाही. आरोप रंगमंचावरचा नाही, घरातला आहे.

रंगमंचावरचा धक्का कसा असतो, हे मराठी नाटकाने चांगले दाखवले आहे. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ श्रीराम लागूंनी बसवले. गर्भपाताच्या प्रसंगात लुगड्यावर दिसणारा रक्ताचा लाल डाग परीक्षण मंडळाला खटकला. डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लालच समजावा, असे निवेदन प्रयोगापूर्वी केले जाऊ लागले. त्या डागाने सभागृह हादरले आणि कुणाच्याही अंगाला ओरखडा उठला नाही. १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी बसवलेले तेंडुलकरांचेच ‘सखाराम बाइंडर’ न्यायालयात गेले आणि तिथून मोकळे होऊन परत रंगमंचावर आले, तेही रंगमंचावर धक्का देण्याच्या याच हक्काच्या जोरावर. हा हक्क सांभाळायचा असेल तर माणसाला झालेली इजा त्याच्या आडोशाला लपवू देता कामा नये. पवळाच्या पैशाला नकार देताना बाबासाहेबांनी हीच रेषा ओढली होती.

‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’ २५ जुलै २०२५ रोजी बाजारात आला. त्याच्या तीनच दिवस आधी, २२ जुलैला, गायक ऑझी ऑस्बर्न गेला होता, आणि रंगमंचावरच्या भीतीचे हे जुने घराणे त्या आठवड्यात सगळ्यांच्या बोलण्यात होते. अल्बम ऐकून वाद संपला का? मुळीच नाही. ‘बिलियन डॉलर बेबीज’ची सर नाही, असे म्हणणारे तसेच म्हणत राहिले. पण त्यातल्या एका गाण्यात ग्लेन बक्सटनची गिटार ऐकू येते. बक्सटन हा त्या पाच जणांतला पाचवा, ‘स्कूल्स आउट’ची सुरुवातीची धून त्याच्या बोटांतून आलेली. १९९७ मध्ये तो वारला. त्याचे एक जुने, कधीच न वापरलेले ध्वनिमुद्रण सोबत्यांनी शोधून काढले आणि त्याभोवती नवे गाणे बांधले. ‘स्कूल्स आउट’ हे गाणे पाचही जणांच्या नावावर लिहिलेले होते, तो हिशेब त्यांनी पन्नास वर्षांनी पुन्हा मांडला. या अल्बमची खरी किंमत तिथे आहे, आवाजात जोर उरला की नाही यात ती शोधू नये.

अहिल्यानगर जिल्ह्याने हाच हिशेब अनंत फंदीच्या बाबतीत मांडायला हवा. संगमनेरात त्याच्या नावाने व्याख्यानमाला भरते, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथे फटक्याच्या शेजारी त्याची लावणीही डफावर गायली जावी, मलिक फंदीचे नाव घेऊन गायली जावी. राहुरी, संगमनेर, पारनेरच्या जत्रा कमिट्यांनाही एक सांगणे आहे. पाडव्याला नारायणगावला राहुट्यांमध्ये फडाची सुपारी द्यायला जाल तेव्हा वग मागा, पूर्ण रात्रीचा मागा, आणि ठरलेले पैसे हजेरीच्या आधी द्या. पत्रिकेवर फडमालकाच्या नावाखाली ढोलकीवाल्याचे, सोंगाड्याचे आणि झील धरणाऱ्यांचे नाव छापा. छपाईला त्याचा वेगळा खर्च येत नाही.